मागे सरकल्याचे गुण

अध्यक्षस्थानी विराजमान आदरणीय शरच्चंद्रजी बक्षी, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती श्री. गोपाळकृष्णराव दिघे, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. शैलावहिनी, आणि ऊन उतरायच्या आत घरची कामं टाकून इथं आलेल्या उज्जैनकर बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नम्र नमस्कार.

मी विजया पुराणिक, मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आपल्या मंडळाच्या चिटणिसांचा निरोप आला, "विजयाबाई, दिघेसाहेब बढतीवर भोपाळला चाललेत, दोन गोड शब्द बोला." आता एवढ्या मोठ्या माणसावर दोनच शब्द बोलायचे म्हणजे कंजूसपणा झाला. मी जरा जास्त बोलेन. चहा थंड झाला तर दोष माझा.

मध्यभारत सरकार असताना दिघेसाहेब या जिल्ह्याचे व्यायाम अधिकारी होते, हे मी सांगायला नको. तालमीच्या मातीतून वर आलेला माणूस. पहाटे राम घाटावर त्यांचे सूर्यनमस्कार सुरू झाले की यात्रेकरू अंघोळ विसरून बघत राहायचे. कुस्तीतला असा पंच या भागात झाला नाही, हे त्यांचे विरोधकही मानतात. म्हणूनच सरकारनं बॉक्सिंगच्या स्पर्धा सुरू केल्या तेव्हा मुख्य पंचाची खुर्ची त्यांनाच मिळाली. कुणीतरी विचारलं, "साहब, आपने कभी बॉक्सिंग देखी है?" साहेब म्हणाले, "त्यात देखनेका क्या है? आदमी आदमीशी लढतो." किती खरं आहे! आणि किती सोपं!

माझा धाकटा भाऊ माणिक त्या स्पर्धेत होता. आज तो पहिल्या रांगेत बसलाय, काळा चष्मा लावून. मागच्या मंडळींनी माना उंचावून बघू नये. त्याला ते दिसत नाही, पण शेजारी आमची आई बसली आहे, तिला दिसतं.

मध्यभारताच्या अजिंक्यपदाची शेवटची लढत आपल्या माधव नगरच्या मैदानावर झाली. समोर ग्वाल्हेरचा सुधाकर, अंगानं दणकट, मनानं सरळ. तो बैलासारखा चालून यायचा आणि आमचा माणिक एक पाय मागे घ्यायचा. ठोसा हवेत जायचा, आणि सुधाकर सावरायच्या आत माणिकचा डावा हात त्याच्या गालावर. पुन्हा तो पुढे, पुन्हा हा मागे, पुन्हा गाल लाल. लढत अटीतटीची होती, मी खोटं बोलणार नाही. सुधाकरचेही काही ठोसे असे बसले की आईनं पदर तोंडात धरला. पण शेवटची घंटा झाली तेव्हा सुधाकरनं स्वतःच माणिकचा हात धरून वर उचलला होता. हरलेला माणूस आधी ओळखतो, नाही का?

दोन पंचांचे कौल दोन बाजूंना पडले. निकाल दिघेसाहेबांच्या गुणांवर आला. साहेबांनी प्रत्येक फेरीत माणिकचे गुण कापले होते. कशाबद्दल? मागे सरकल्याबद्दल! तालमीत मागे सरकणारा पैलवान कच्चा, तर इथंही कच्चा. लोक ओरडले, "अरे साहब, यह तो दाँव है, दाँव!" साहेब शांतपणे म्हणाले, "जो हटा, वो हटा." यात लाच नव्हती, वशिला नव्हता. अगदी स्वच्छ अन्याय होता. एवढा स्वच्छ की त्याच्याविरुद्ध भांडायलाही जागा नव्हती.

पण तालमीचा रिवाज साहेबांनीच आम्हांला शिकवलेला. हरलेल्यानं कपाळाला माती लावून मागणी केली की परत लढत द्यावी लागते. माणिकनं माती लावली. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला. मग आज देतो, उद्या देतो करता करता ऑक्टोबर उजाडला आणि तारीख ठरली ती महिनाअखेरची. दुसऱ्या दिवशी मध्यभारत राज्य जाऊन मध्यप्रदेश होणार होता. रेल्वेतल्या एका अधिकाऱ्यानं माणिकला सांगून ठेवलं होतं, अजिंक्यपद आण आणि नोकरीवर ये. वडील गेल्यावर आमचं घर माझ्या एकटीच्या पगारावर होतं. मला स्थळ सांगून आलं होतं. मी म्हटलं, माणिकची लढत होऊ दे, मग बघू. ते लोक थांबले नाहीत, हे जाता जाता सांगितलं.

त्या दिवशी माणिक क्षिप्रेत बुडी मारून मैदानावर आला. सुधाकर ग्वाल्हेरहून आला. गाव आलं. ग्लोव्हज मात्र आले नाहीत. सरकारी सामान भोपाळला जायचं म्हणून साहेबांनी ग्लोव्हज पेटीत भरून वर लाखेची मोहर ठोकली होती. पेटी तिथेच, मैदानाच्या कडेला, बैलगाडीवर. लोक म्हणाले, मोहर फोडा. साहेब म्हणाले, "सरकारी मोहर आहे, हात नाही लावायचा." सुधाकर म्हणाला, "साहब, हम हाथ पे कपड़ा बाँध लेंगे." साहेब म्हणाले, "नियम आहे." दिवेलागणीला सुधाकरची गाडी सुटली. सकाळी माणिक साहेबांच्या दारात उभा राहिला, तेव्हा साहेबांनी त्याला प्रेमानं समजावलं, "बेटा, अब मध्यभारतच नाही, तर त्याचं अजिंक्यपद कुठून आणू?"

राज्य गेल्याचं कुणाला काय वाटलं मला माहीत नाही. आमच्या घरातलं ते असं गेलं.

नंतर माणिक मेळ्यातल्या तंबूत लढू लागला. येईल त्या गड्याशी, ग्लोव्हजविना, नुसत्या मुठीनं. तंबूत मागे सरकायला जागा नसते, दिघेसाहेब. तिथं त्यानं आपण घालून दिलेल्या नियमाप्रमाणे छाती पुढे करून ठोसे खाल्ले. एक डोळा तिथेच गेला, दुसऱ्यानं आता नुसत्या सावल्या दिसतात. एकदाही हटला नाही. आपण पाहायला हवं होतं, पुरे गुण दिले असते.

असो. हार घालण्याचा मान चिटणिसांनी कृपा करून आमच्या घराला दिला आहे. माणिक, ऊठ. हार तुझ्या डाव्या हाताला ठेवलाय. सरळ ये, दोन पायऱ्या आहेत. नाही, कुणी हात धरू नका, त्याला आवडत नाही.

काय म्हणालास? "अक्का, बस कर, घर चल"? चलू रे. हार तेवढा घाल. साहेब समोर उभे आहेत. अजून पुढे. हं, हात वर कर.

अरे! साहेब, हा फुलांचा हार आहे. मुलगा फक्त हात उचलतोय. आपण का हटलात? शैलावहिनी, यांना धरा, मागे व्यासपीठाची कड आहे.

बघा, माणिकनंच धरलं. पावलाच्या आवाजावरून कळतं त्याला, कोण किती मागे सरकलं ते.

सभागृहानं पाहिलं आहे, म्हणून निकाल मी जाहीर करत नाही. दिघेसाहेब, परत लढत हवी असेल तर कपाळाला माती लावून मागा, रिवाज आहे. आम्ही नाही म्हणणार नाही. फक्त ग्लोव्हजची पेटी आपल्यालाच भोपाळहून आणावी लागेल, आणि आपल्यासमोर उभ्या राहणाऱ्याला आपला चेहरा दिसणार नाही.

अध्यक्षमहाराजांनी मला मध्ये थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी जितक्या शांतपणे ऐकलंत, तेवढ्याच शांतपणे त्या दिवशी मैदानावरून घरी गेला होतात, त्याबद्दलही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं माफ करावं. शिक्षिका आहे, चूक दिसली की गुण कापायची सवय लागली आहे.

चल माणिक. माझा हात धर. पायरी आहे.