बिलांचा पासवर्ड कोणाला ठाऊक होता

नाव: प्रणाली मंगेश खोडे. वय: ३१ वर्षे. काम: संत्र्याच्या आडतीत हिशेब लिहिणे. राहणार: रेल्वे फाटकाजवळ, पांढुर्णा.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते, की भाऊराव शेठ यांच्या आडतीत मी संगणकावर बिलं चढवते. हिशेबाचं सॉफ्टवेअर दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतं आणि जुना पुन्हा घेत नाही. डोक्यात किती ठेवायचे? म्हणून आमच्याकडे रिवाजच पडला, त्या महिन्याचा सण तोच पासवर्ड. गोटमारीच्या महिन्यात गोटमार, मग नवरात्र, मग दिवाळी.

दिवाळीनंतर शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा पासवर्ड त गेटावरचा चिंधू भी सांगते, बाई. असा ठेवा का कोनाच्या बापाले समजला नाही पायजे." सगळे हसले. मला झोंबलं. त्याच दिवशी मी नवा ठेवला. कुठे लिहिला नाही, कोणाला सांगितला नाही.

जबाब लिहून घेणाऱ्या हेड साहेबांनी तो शब्द विचारला. तो शब्द म्हणजे मला घरात लाडाने हाक मारायचं नाव. इथे सांगणार नाही, कागदावर तर मुळीच नाही.

शनिवारी मी सासूबाईंना घेऊन जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले होते. सोमवारी पाहते तर नागपूरला गेलेल्या तीन गाड्यांची बिलं गायब, म्हणजे तो माल आडतीतून गेल्याची नोंदच नाही. शनिवारी दुपारी ती काढून टाकणारी म्हणून सॉफ्टवेअरमध्ये माझंच नाव. शेठ म्हणाले, "तुम्ही नाही काढले, त पासवर्ड तुम्हीच देल्ला कोनाले." मला घरी बसवलं आणि ठाण्यात तुमचं नाव देतो म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या विनोदला मी त्या दिवशी नाही नाही ते बोलले. त्याचा यात काही संबंध नाही, हे लिहून घ्यावे.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते, दाराशी जाते, परत येते. काल संध्याकाळी मी चहा ठेवला होता. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने त्याच नावाने हाक मारली आणि "पानी दे वं" म्हणाला. गरम भांड्याला हात लागला तेव्हा मी भानावर आले. नवरा मंगेश त्याच आडतीत गाड्या भरून घेतो. शनिवारी तो कामावर होता. ते नाव त्याच्याशिवाय कोणी घेत नाही.

मी विचारलं. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "अवं, पह्यले दिवाळी टाकलं, मंग जत्रा टाकलं. उघडेच ना. मंग सहज तुयं ते नाव टाकलं. लय हासू आलं मले." माल कोणाला विकला ते सांगितलं नाही. वर म्हणाला, "आता काय, नवऱ्याले जेलात धाडतं का?"

मला राग आला आहे. बिलांचा कमी, हसण्याचा जास्त. आज सकाळी सासूबाई पूजेला बसल्या तेव्हा बाजारात जाते सांगून मी इकडे आले. मला दोनदा बसायला सांगितलं, पण मी उभ्यानेच सांगितलं.

जबाब हेड साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. नवऱ्याच्या नावाशी ते थांबले आणि म्हणाले, "बाई, अजून सही नाही झाली. हे नाव काढू का?" राहू द्या म्हटलं, आणि सही केली.