दिवसाची लाईन

सावंगीच्या दवाखान्यात केसपेपरची रांग काही केल्या सरकेना. मोहिनीच्या पुढे रोहण्याच्या दोघी बाया उभ्या होत्या. त्यांच्या बोलण्याकडे तिचे कान आपसूक लागले.

“शकुबाई, तुमच्या चंदनचं लग्न जमलं होतं नं व?”

“मोडलं न माय. पोरीच्या बापानं शेजारच्या गावात देली तिले.”

“काऊन?”

“त्याइच्या गावात सोलर बसलं. मोटरपंपाले दिवसा लाईन राह्यते. जवाई रात्री घरी झोपते म्हने! आपल्याले अजून कोळशाचीच लाईन, ते बी रात्री. आपले पोट्टे सापाकिरडात ओलित करून राह्यले. कोन देईन पोरगी?”

“मंग आपल्या गावात बसू द्या ना. सरपंच तं तुमचंच पडीत वावर मांगून राह्यला त्याच्यासाठी.”

“नाई देत मी.”

“काऊन व? चंदनचंच भलं हाये त्यात.”

शकुबाईनं पदर खोचला.

“लाईन का एकट्या चंदनले येईन? साऱ्या गावाले येईन. जावेचा सचिन गोरापान हाये. मंग त्यालेच पोरगी भेटन ना आधी!”