आजी, जेवलात का?

कुहीच्या बसमध्ये म्हाताऱ्या शालिकरामच्या मागच्या सीटवर दोन आशाताई येऊन बसल्या, अन् बस सुरू व्हायच्या आधी त्या सुरू झाल्या. शालिकरामनं कानटोपी हळूच वर सरकवली.

"वृद्धसेवेचा ऑनलाइन कोर्स झाला का वं तुया?"

"झाला ना! बाराच्या बारा व्हिडिओ. सर्टिफिकेट बी आलं."

"मले तर बसाले टाइमच नाही भेटत."

"मी कुठं बसली? माई सासू बसली. मोबाइल चालू करून तिच्या खाटेवर ठेवून देत होती मी."

"पण घडीघडी विचारते ना त्यात, 'आपण ऐकत आहात ना?' बटन दाबा लागते."

"दाबे ना बुढी! वरतून म्हणे, 'हो बाई, ऐकून राहिली, बोल तू.'"

"व्हिडिओतली बाई बोलते बी किती गोड! 'आजी, जेवलात का? झोप लागली का?'"

"तेच तर! बुढी तिले सगळं सांगे. माया भाजीत मीठ नव्हतं, हे बी सांगितलं."

"चाल, सुटली तू आता."

"कायची सुटली! कोर्स संपला तशी रोज विचारते, ते बाई काहून येऊन नाही राहिली? शेवटी मी दुसऱ्या कोर्सात नाव टाकलं."

"कोणत्या?"

"आग कशी विझवाची, तो. काल लावून देल्ला, तर पाच मिनिटांत मले आवाज देते. म्हणे, हे बाई लय बोलते, पण जेवली का म्हणून विचारतच नाही."

"मंग? तू काय म्हटलं?"

"म्हटलं, तुम्ही बटन दाबत राहा."