सही येत असून लावलेला अंगठा

माहा जलम संग्रामपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याले आमचं खेडं हाये, जातीनं आमी मांग, बाप हलगी वाजवे, लग्न असो का मयत असो, माह्या बापाबिगर गावाचं पान हालत नव्हतं. मंग मिशनचे एक पाळक गावात याले लागले, अन बापानं नदीवर जाऊन बाप्तिस्मा घेतला, अन दुसऱ्याच महिन्यात देवीची जत्रा आली. बाप म्हने लग्नात बोलवा, मयतीत बोलवा, पन देवीपुढं आता मी वाजवनार नाई. झालं. गाव म्हने मंग लग्नातबी नोको अन वावरातबी नोको. काय सांगू तुमाले, दोन वर्सं हलगी खुटीले टांगेल होती, चामडं पार तडकलं, पन बापानं माघार घेतली नाई. मले म्हने रूथा, ज्याचं नाव घेतलं त्याचं नाव टाकाचं नाई, मंग कोनी इचारो का कोनी मारो. मी आठ वर्साची होती. ते बोलनं माह्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

बापानं मले मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकवलं, तवाच्या काळात सातवी म्हंजे काय कमी नाई बरं, मी वाचतो, लिहितो, माही सही पाह्यली तं तुमी म्हनान मास्तरीनबाईची हाये. मंग मले मलकापूरले देलं. नवरा शमुवेल, मिशनच्या दवाखान्यात गेटवर होता, मी तठीच आया लागली. बाळंतिनीचे कपडे धुवाचे, कैच्या-चिमटे उकळाचे, अन सिस्टरबाईमागं ट्रे धरून उभं राहाचं. पांढरी टोपी घातलेल्या त्या सिस्टरा पाह्यल्या का मले वाटे आपुन अजून दोन-चार वर्गं शिकलो असतो तं. पन तसं कोनाले बोलून नाई दाखवलं. दानियल तीन वर्साचा असताना शमुवेल काविळीनं गेला.

दानूले शाळेत टाकाले गेली तं गुरुजी लय भले मानूस होते. म्हने रूथाबाई, धर्माच्या रकान्यात मी हिंदू लिहितो, जात मांग लिहितो, पोराले पुढं सवलत भेटन, ख्रिस्ती लिहिलं तं ते जाईन. माही जाऊ मार्था माह्या बाजूलेच उभी होती, तिनं आपल्या पोराचं तसंच लिहून घेतलं. आमच्या देवळातल्या, चर्चातल्या म्हना, निम्म्या घरची तीच रीत हाये, रविवारी येशू अन कागदावर हिंदू, पाळकालेबी माहीत हाये, कोनी बोलत नाई. मार्था म्हने लिहू दे वं, देव काय शाळेचं रजिस्टर पाहाले येते काय. पन मले खुटीवरची ती हलगी दिसली. म्या म्हटलं गुरुजी, जे हाये ते लिहा. गुरुजीनं पेन खाली ठेवला, म्हने बाई, पुन्हा इचार कर. म्या म्हटलं इचार झाला. अन त्याइनं ख्रिस्ती लिहिलं, अन खाली म्या सही केली, चांगली वळनदार, रूथ शमुवेल.

खरं सांगू, त्या दिवशी मी घरी आली ते मान वर करून आली. मले वाटलं माहा बाप वरून पाहून राह्यला असन. आता वाटते तो थोडा माहा ताठाबी होता. देवाची आज्ञा कोनती अन आपला ताठा कोनता, हे त्या वयात कोन निवडत बसते.

दानू हुशार निंघाला हो. मास्तरकीच्या कोर्साले नंबर लावला तवा मार्थाच्या पोराले त्याच्याहून कमी मार्कं होते, त्याचा नंबर लागला, दानूचा नाई लागला. ख्रिस्ती झालेल्या आमच्यावाल्याइले ओबीसीचा दाखला भेटते म्हने, पन त्या यादीत मार्कं लय वर गेले. मार्थाचा पोरगा आज मास्तर हाये, दुमजली घर हाये, नाताळाले अख्ख्या मंडळीले केक वाटते. माहा दानू जिनिंगमधी लागला. मलकापुरात कापसाचे कारखाने तुमी पाह्यले असान. वीस वर्सं झाले, कापसाची धूळ छातीत गेली, आता तो हासला तरी खोकला येते, तसा हासतच नाई म्हना. त्यानं देऊळ सोडलं. दारू नाई, शिवीगाळ नाई, फक्त मले एकदाच बोलला, आई, तुनं तुहा देव राखला, मले राखलं नाई.

दवाखाना बंद पडल्यावर मी लोकाइच्या घरी लेकरं न्हाऊ घालाले जाले लागली. कास्तकाराइची मोठमोठी घरं, बाया जीव लावत, पाचवीच्या पूजेचं ताट पुढं करत, अन मी म्हनो बाई, तुमच्या हातची भाकर देजा, पूजेचं नोको. हासत त्या. म्हनत रूथाबाई लय कडक हाये बाप्पा. एका घरच्या सासूनं हळूच म्हटलं, सुनेले तिसरी पोरगीच झाली, दूध कमी पाजजो तिले, नाई जगली तरी चालन, तुले साडी घेतो. म्या ते घरच सोडलं. असं जगली मी. खोटं नाई, चोरी नाई, रविवार चुकला नाई. पन रातदिन एकच इचार मनात, का या सगळ्याचं भाडं माह्या लेकानं भरलं.

आता नातीचं सांगतो. दानूची पोरगी, श्रुती. नाव दानूनंच ठेवलं, बायबलातलं नाव नोको म्हने. पन पोट्टी लहानपनापासून माहा पदर धरून देवळात येते, सोळाव्या वर्सी बाप्तिस्माबी घेतला, दानू आडवा आला नाई. बारावी झाली अन म्हने आजी, मले नर्स व्हायचं हाये. माह्या डोळ्यापुढं ती पांढरी टोपी आली. पन बापाच्या दाखल्यावर जे हाये तेच पोरीले लागते, अन ते तं माह्या सहीनं लिहेल होतं.

एका रविवारी देवळातून आली तं दानू माह्या ओट्यावर येऊन बसेल होता, हातात कागद. एका वकिलानं त्याले सांगतलं होतं, का ते नोंद करनारी आई जिती हाये, तिनं शपथेवर लिहून देलं का नोंद चुकली, तं पोरीच्या दाखल्याचं पुढं काई तरी हलन. दानू चिडला नाई. चिडला असता तं बरं झालं असतं. म्हने आई, माह्या टायमाचं सोडून देलं म्या, पन हिच्या टायमाले नाई सोडनार. अन श्रुती आतून पानी घेऊन आली, माह्या पायापाशी बसली अन म्हने आजी, तुले पटत नसन तं नोको करू, मी दुसरं काई शिकीन. तिनं भांडाले पायजे होतं हो. ती भांडली असती तं मी माह्या जागी उभी राह्यली असती.

गेली मी तहसीलले. वकिलानं कागद मोठ्यानं वाचला, का आम्ही मूळचे हिंदू मांग असून माझ्या अडाणीपणामुळे व अज्ञानामुळे मुलाच्या दाखल्यावर ख्रिस्ती अशी चुकीची नोंद झाली. अडानीपना! उभ्या जलमात एक गोष्ट म्या समजून उमजून केली होती, अन तिलेच अडानीपना म्हटलं. म्या पेन मांगला. वकील म्हने म्हातारे, अडानी लिहिलं हाये ना, मंग सही कशाले, अंगठाच बरा दिसन. दानूनं खाली पाह्यलं. त्याले माहीत हाये माही सही कशी हाये, त्याच्या प्रगतीपुस्तकावर दरसाल मीच करो. साहेबानं इचारलं बाई, हे खरं हाये का, शपथेवर सांगा. म्या म्हटलं हाव, खरं हाये. अन शाईत अंगठा बुडवला.

पोरीचा नंबर लागला. तिकडं अकोल्याकडं शिकून राह्यली, लय खूश हाये. दानू दर आठ दिवसाले येते आता, भाजी आनते, दारातूनच आई म्हनून हाक मारते, वीस वर्साची घुसमट गेली त्याची. तवा खरं बोलली तं पोरगं बुडलं, आता खोटं बोलली तं नात तरली. देवाले काय समजावू मी? मले तं त्याचा राग येते कधी कधी. येते, खोटं काऊन बोलू.

पन एक हाये. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन असते, भाकर अन द्राक्षरस घ्याले सगळे उठून पुढं जातेत, मन साफ असन तंच ते घ्याचं असते. मार्था जाते, तिचा मास्तर जाते. मी बाकावरच बसून राह्यतो. पाळकानं इचारलं तं म्या सांगतलं गुडघे दुखतेत. अंगठा लावला त्या दिवसापासून म्या त्या भाकरीले हात लावला नाई. कोनी मले मना केलं नाई, मीच केलं.

मागच्या नाताळाले श्रुती आली, पांढऱ्या युनिफॉर्मातला फोटो दाखवला, टोपी तशीच, मी लय वेळ पाहत बसली. देव तिच्या हाताले गुन देवो, तुमच्याबी लेकराबाळाइचं भलं करो. देवळात माह्याजवळच बसली होती. सगळे उठले तवा तिनं माहा हात धरला, म्हने आजी, चल ना, मी धरतो तुले. म्या अंगठा मुठीत घेतला. शाई कवाचीच गेली हाये, तरी घेतला. म्हटलं जा बेटा, तू घे. माह्या वाटचंबी तूच घे.