फेटा मीच बांधला हुता

आन् वर मलाच म्हणत्यात, "लालासाहेब, तुमचं बरं हाय बघा, तुमास्नी कसलं टेन्शन न्हाई!" टेन्शन न्हाई? आवं, अकरा वर्सं झाली, अकरा! कॉलेजात मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचा सहायक प्रशिक्षक म्हणून चिकटलो तवा डोक्यावर केस हुतं, आता नुसती गळ्यात शिट्टी हाय. दिस उगवायच्या आत ग्राउंडवर फक्कीच्या रेषा कोण मारणार? सहायक. बॅटांची पिशवी एस्टीत सीटखाली कोण कोंबणार, कंडक्टरच्या शिव्या कोण खाणार? सहायक. कॅचरच्या मास्कची क्लिप तुटली, सुतळीनं कोण बांधणार? पोरीचा बा "आमची लेक असली कापडं घालून खेळायची न्हाई" म्हणून अडून बसला, त्याच्या दारात जाऊन चार-चार कप गुळमाट चहा कोण पिणार? आन् कप जिंकला की फोटोत मधी कोण? मोठे कोच, नाथाजी सर! मग मी कुठं? मी फोटो काढतोय की! आन् मी कोण? सहायक!

सासरे माझे रिटायर सुभेदार. लग्नाच्या बैठकीतच त्यांनी इचारलं, "करताय काय?" म्हनलं, सहायक प्रशिक्षक हाय. निम्मंच ऐकलं त्यांनी. मिशीला पीळ देत म्हनाले, "सहायक? आमच्या पलटणीत सहायक सायबाचं बूट पॉलिश करायचा." बायको संयोगिता आज सुदिक सांगत्या, "आवं, त्याच दिशी मी तुमच्या बुटाकडं बघितलं, तेबी पॉलिश केल्यालं नव्हतं."

नाथाजी सर माणूस लय भला हाय, वाईट बोलायचं न्हाई मला. पर सर मूळचे खो-खोचे. सॉफ्टबॉलमधलं त्यांना एकच वाक्य येतंय, "पोरींनो, जोर लावा!" बॅटिंग आली... जोर लावा. फिल्डिंग आली... जोर लावा. जेवाय बसल्या तरी... जोर लावा! आन् मग हाताची घडी घालून खुर्चीत बसायचं. दहा वर्सं ती घडी सुटल्याली म्या बघितली न्हाई. मी म्हनलं, असूंदे. आज न्हाई उद्या सर रिटायर हुतील, मग खुर्ची आपलीच. आपण काय, वाट बघणारी माणसं.

आता हितं जरा नीट ऐका, कारण माझं वाटोळं हितंच झालंय. ह्या खेळात खुणा असत्यात. आपली पोरगी बेसवर हुबी असली की कोचनं लांबनं हातानं सांगायचं. कोपर चोळला की थांब. कान धरला की तयार रहा. आन् दोन्ही हात डोक्याला लावलं की पळ! मागंपुढं बघायचं न्हाई, थेट होमकडं पळ, तितं पाय टेकला की रन! ही खूण मी लय इचार करून ठरवल्याली. म्हनलं, सर काय जन्मात डोक्याला हात लावत न्हाईत, डोक्याला हात लावायची पाळी कायम आमचीच असत्या, घोटाळा व्हायचा प्रश्नच न्हाई.

पर तिसऱ्या वर्सी सर रुसलं. "पोरी माझ्याकडं बघतच न्हाईत रं लालासाहेब. मी काय रानातलं बुजगावणं हाय?" डोळ्यांत पाणी हो माणसाच्या! तवा मीच, ह्या मूर्खानं, नियम काढला. पोरींनो, आधी मोठ्या सरांकडं बघायचं, मग माझ्याकडं. मान राखायचा! काय नडलं हुतं का मला? पर संस्कार... आन् मी कोण? सहायक!

गेल्या साली सांगलीला फायनल. सर त्याच मे अखेर रिटायर. ऑफिसातला क्लार्क नानासो आदल्या दिशी कानात म्हनला, "सर, मुख्य प्रशिक्षक म्हणून तुमचं पत्र टाइप करून ठेवलंय, सही तेवढी ऱ्हायली." मी घरी पेढं घिऊन गेलो. संयोगितानं देवापुढं ठेवलं, म्हनली, "सही झाल्यावर फोडू."

मॅच झाली की ग्राउंडवरच सरांचा सेवापूर्ती सत्कार ठरलेला. शाल, नारळ, फेटा. तर आमचे अध्यक्ष धैर्यशीलदादा मॅचच्या आधीच गाडीतनं उतरले, हातात दोन पत्रिका. "लालासाहेब, एक लग्न माधवनगरला, एक कोयनानगरला! सत्कार आधी उरका!" म्हनलं, दादा, मॅच तर हूंद्या. "मॅच काय पळून जात्या व्हय? मुहूर्त पळून जातोय!" आता आपल्याकडं सत्काराला न्हाई म्हणायचं असतंय का? मयत सोडून कुठंबी सत्कार हुतोय. पर फेटेवाला सांगितलेला संध्याकाळचा. फेटा कोण बांधणार? सगळी माझ्याकडं बघाय लागली. माझं हात फक्कीनं पांढरं फेक, तिकडं पंच वराडतोय "टीम आणा, टीम आणा", दादा घड्याळ बघतंय, सर मुंडी खाली घालून बसलेत... बांधला गरगरा. आन् शेवटचा पदर खोचायचा ऱ्हायला. एवढाच पदर, बोटाएवढा!

शेवटची इनिंग, स्कोर बरोबरीत, दोघी आऊट. तिसऱ्या बेसवर आमची अंकिता. आटपाडीकडची पोरगी, बाची मेंढरं हाय्त. दुसऱ्याच्या पिकात घुसाय लागलेल्या मेंढराच्या म्होरं बरोबर वीतभर अंतरावर दगूड टाकून टाकून हात असा बसलाय तिचा! मी आपला कोपर चोळतोय. थांब अंके, थांब. कातडं निघायची वेळ आली. तेवढ्यात आलं वारं. सरांचा फेटा घसरला तो थेट नाकावर! दहा वर्सांत पयल्यांदा घडी सुटली हो, आन् सरांनी दोन्ही हातांनी डोस्कं धरलं!

अंकीनं नियमाप्रमाणं आधी कुणाकडं बघितलं? मोठ्या सरांकडं! सुटली की वाऱ्यासारखी! मी बोंबलतोय, "अंके, थांब! आगं थांब!" आन् समोरची कॅचर? ती फेट्यात गुरफटलेल्या सरांकडं बघून फिदीफिदी हसत्या. हसता हसता हातातला चेंडू खाली! अंकी होमवर. जिंकलो!

दादा लग्न इसरून मैदानात. "ह्याला म्हणत्यात अनुभव! एक हात हलवला आन् मॅच काढली!" सर बिचारं खरं सांगाय लागलं, "दादा, मी आपला फेटा सावरत..." "इनय बघा, इनय! नाथाजी, तुमास्नी सोडायचं न्हाई!" मी पुढं झालो, म्हनलं, दादा, त्ये फेटा सैल... "फेटा तूच बांधलास न्हवं? शाब्बास रं! आता दर मॅचला सरांना तूच बांधायचा!"

सोमवारी नानासो म्हनला, "सर, पत्र निघालं." उघडून बघतोय तर सरांना मुदतवाढ! "टायपिंग तेच ठेवलंय," नानासो म्हनला, "नाव तेवढं बदललं." माझं नावबी हुतं की. तळाला, बारक्या अक्षरात. प्रत माहितीसाठी. पेढ्यांना बुरशी आली, तुमास्नी सांगतो.

आता ह्या वर्सीचं ऐका. फेट्याची कीर्ती अशी पसरली, समोरच्या टीमा खेळ सोडून फेटा कवा सुटतोय तेच बघत बसत्यात. साखळीत मी दोनदा मुद्दाम घट्ट बांधला, त्या दोन्ही मॅचा हरलो. दादा लगीच म्हनाले, "नाथाजींचं वय झालं जणू. साताऱ्याची फायनल हरलो तर लालासाहेबचं पत्र काढू." म्हंजे बघा, घट्ट बांधला तर मी मोठा कोच, सैल बांधला तर जन्माचा सहायक! देवानं असली परीक्षा कुणाची घेतल्या का?

फायनलच्या दिशी सरांच्या मागं उभा राहून फेटा गुंडाळतोय, तर अंकी आली. तिचं शेवटचं वर्स. गेल्या सालची फायनल जिल्ह्याची हुती, ही विभागाची. जिंकली तर पुढं राज्याला, तितनं सर्टिफिकेट, सर्टिफिकेटवर पोलीस भरती. न्हाई तर वैशाखात लगीन, बानं पाव्हणं बघून ठेवल्यात. बा तिचा तितंच, मेंढरं भावकीत सोपवून आलेला, घोंगडं टाकून बसलाय. अंकी हळूच म्हनली, "सर, सांगलीत मी तुमची कोपराची खूण बघितली हुती."

म्हनलं, मग थांबली का न्हाईस गं?

"तुमीच सांगितलं हुतं न्हवं, मोठ्या सरांचा मान राखायचा."

पदर माझ्या हातात. खोचायचा म्हनला तर एक बोट लागतंय. पलीकडं दादा, खिशात म्हणं माझं पत्र. अलीकडं अंकीचा म्हातारा बा, मला बघून उठून उभा ऱ्हायला, हात जोडून. मलाच हात जोडतोय हो! लय राग आला मला. त्याचा, अंकीचा, सरांचा, त्या नऊ मीटर कापडाचा...

न्हाई खोचला. मी कोण? सहायक!

अंकीची भरतीची तयारी चाललीया आता. सरांना आनखी तीन वर्सं मुदतवाढ. सासऱ्यांनी परवा पेपर पुढं केला, "जावईबापू, फोटो लय झ्याक आलाय." बघितलं. कप म्होरं, सर मधी, डोळ्यांवर फेटा, अंकी हसत्या. खरंच झ्याक आलाय. मीच काढलाय.