रिकाम्या तुकड्यातलं गवत

मध्यभारत राज्य होतं ना भिया, तेव्हाची गोष्ट. इंदूरबाहेरच्या सरकारी कॅटल फार्मवर मी क्लार्क होतो. आमच्या केळकर साहेबांनी पावसाळाभर एक प्रयोग चालवला. अर्ध्या कुरणात गाई मोकळ्या, वाट्टेल तिथे चरायच्या. उरलेल्या अर्ध्यात तारा ओढून तुकडे पाडले. तिथे तेवढाच दुसरा कळप रोज एकाच तुकड्यात दाटीने सोडायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या तुकड्यात. चरून झालेल्या तुकड्याला महिनाभर आराम. दिवाळीपर्यंत मोकळ्या बाजूला माती दिसायला लागली आणि आराम मिळालेल्या तुकड्यात गवत कमरेला लागत होतं. साहेब एकदम खूष.

ते बघायला राजधानीतून, ग्वाल्हेरहून, खात्याचे बडे साहेब आले. मोकळ्या बाजूवरून ते भरभर चालत गेले. कमरेएवढ्या गवतापाशी मात्र थबकले.

"केळकरजी, ये टुकड़ा खाली क्यों पड़ा है?"

"सर, इसको रेस्ट दिया है. यही तो मेथड है."

"जमीन को रेस्ट? और उधर गाएँ मिट्टी चाट रही हैं! सारे फाटक खोलिए, अभी."

हुकूम म्हणजे हुकूम. बडे साहेब समोर उभे राहिले आणि आम्ही फाटकं उघडली. आठवड्याभरात दोन्हीकडे सारखीच माती.

मी घाबरत विचारलं, "साहेब, आता रिपोर्टमध्ये काय लिहायचं?"

केळकर साहेब शांतपणे चहा बशीत ओतत म्हणाले, "लिहा, प्रयोग यशस्वी. गवत इतकं उत्तम आलं, की ग्वाल्हेरच्या साहेबांनाही राहवलं नाही."