लाख्याचा काळ

ढाणकीकडच्या आमच्या काकाचा हा किस्सा तुमाले सांगतलाच नाही वाटते. साठ-एकसष्टची गोष्ट असन. काकाच्या वावरात विहीर खोदताना दगडात शंख निघाले, म्हणून नागपूरचे भूगर्भवाले साहेब पाह्यले आलते. तवा काकी काकाशी बोलत नव्हती. काकानं आपला म्हातारा बैल लाख्या बाजारात इकाले न्यायचं ठरवलं होतं, म्हणून.

साहेब चहा पिताना सांगत होते, "पृथ्वीच्या काळाचे तुकडे आम्ही सारखे पाडत नाही. एखादा प्राणी दगडात दिसेनासा झाला, की तिथं जुना काळ संपला आणि नवा सुरू."

काका खूश झाला. "आमच्या तांड्यातबी असंच हाय, साहेब. बापजादे बैलावर माल लादून फिरत. वर्षं कोन मोजते? घरचा बैल गेला, का काळ बदलला. मी काबऱ्याच्या काळात जन्मलो, चांद्याच्या काळात लगीन झालं. आता लाख्याचा काळ चालू हाय."

चुलीपासून काकी कितीक दिसांनी बोलली, "साहेब, यायले इचारा, लाख्याले इकल्यावर मी कोनत्या काळात राहू?"

काका उठला, लाख्यापुढं कडबा टाकला आन् तिथूनच म्हणे, "लिहून घ्या साहेब, हा काळ अजून संपला नाही."